आंबोलीची पावसाळी नाईट ट्रेल : बेडूक, देवाचा मासा आणि नवीन प्रजाती नेमकी होते कशी

आधी कामाचं सांगते. ट्रेल घ्या, नक्की घ्या, पण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्या आणि शनिवार-रविवार टाळा. आंबोलीत हल्ली बरेच जण नाईट ट्रेल करतात, आम्ही ज्यांच्याकडे राहिलो ते होमस्टेवालेच स्वतः ट्रेल घेतात. गाईडदादांना विचारलं नाही म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. संध्याकाळी घरीच साधारण तासाभराची ओळख, मग रात्री सड्यावर आणि जंगलाच्या कडेने फिरणं, दुसऱ्या दिवशी सकाळी हिरण्यकेशी, असं सगळं मिळून पॅकेज आहे.

आम्ही गेलो त्याचं कारण माझा मुलगा. तो सीबीएसईला दहावीत आहे आणि २०२३ पासून त्यांच्या दहावीच्या सायन्सच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकलाय, आनुवंशिकता राहिली पण उत्क्रांती गेली, आता बारावीला बायो घेतलं तरच शिकायचं. म्हणजे इंजिनिअरिंगला, कॉमर्सला जाणाऱ्या पोरांना एक प्रजाती दोन कशा होतात हे शाळेत कोणी सांगणारच नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. आणि घरी आमच्या सासूबाई ८४ लक्ष योनी सांगतात, व्हॉट्सअॅपवर दशावतार म्हणजेच डार्विन असले फॉरवर्ड येतात, पोरगं मध्ये लटकलेलं. त्याला कुणीतरी जाणकाराने प्रत्यक्ष काहीतरी दाखवावं एवढीच इच्छा होती.

कोल्हापूरहून आजरा मार्गे गेलो, रस्ता ठीक आहे, घाटमाथ्यावर आलं की धुकं सुरू. आंबोलीचा पाऊस ऐकून माहिती असतो पण तो वेगळाच प्रकार आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी ही एक, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंची आणि अरबी समुद्रावरून आलेला ढग थेट अंगावर. छत्री अजिबात नेऊ नका, रेनकोट आणि गमबूट. त्यांच्याकडे गमबूट मिळतात पण लहान साईज नव्हते, बायकांची आणि मुलांची पंचाईत होते, आमच्या ग्रुपमधली एक मुलगी सँडलवर फिरली आणि जळवांनी पाय भरले तिचे. हे त्यांनी सुधारायलाच पाहिजे. दुसरी तक्रार ग्रुपची, फार मोठा होता. पुढचे लोक बघून पुढे जातात, मागच्यांना फक्त आवाज ऐकू येतो, आणि दोघातिघांचे कॅमेऱ्याचे फ्लॅश सारखे चालू. गाईडदादांनी दोनदा प्रेमाने सांगितलं, तिसऱ्यांदा सरळ आवाज चढवला तेव्हा थांबले. बरं केलं त्यांनी.

आता मुख्य गोष्ट. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, वरवर बघितलं तर उघडा काळपट खडक, त्यात पावसाचं पाणी साचून झालेली छोटी छोटी डबकी, काही तर नुसती ओंजळभर. "जपान चला हां, खालती बघून," असं म्हणत दादा पुढे आणि आम्ही टॉर्च जमिनीकडे धरून मागे. एका डबक्याच्या काठाला त्यांनी टॉर्चवर हात धरून उजेड मंद केला आणि आम्हाला एकेकाला खाली बसायला सांगितलं. अंगठ्याएवढा बेडूक, खरखरीत अंग, रंग दगडासारखाच पण कुशीवर वेड्यावाकड्या पिवळ्या रेघा, वाघाला असतात तशा. हा आंबोली टोड. शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायग्रिना, २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलं, आणि हा आजवर फक्त या आंबोलीच्या भागातच सापडलाय. अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिले चांगले पाऊस पडले की हे थोडेच दिवस मोठ्या संख्येने बाहेर येतात, खडकावरच्या या उथळ पाण्यात अंडी घालतात आणि नंतर दिसेनासे होतात. म्हणूनच म्हटलं जूनमध्ये जा, ऑगस्टमध्ये जाऊन टोड दिसला नाही म्हणून खराब रेटिंग देऊ नका.

इथून पुढे दादांनी जे सांगितलं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय खरं तर.

या टोडचा एकच सख्खा भाऊ आहे म्हणाले, कोयना टोड. तो १९६३ मध्येच नोंदवला गेला होता, कोयनेच्या आणि चांदोलीच्या बाजूला राहतो, कुशीवर पिवळे पट्टे नसतात तर धम्मक पिवळे डाग असतात. अख्ख्या जगात या कुळीचे हे दोघेच, एक तिकडे कोयनेला आणि एक इकडे आंबोलीला, मध्ये सरळ रेषेत दीडशेच्या आसपास किलोमीटर. मग दादांनी माझ्या पोरालाच विचारलं, की बाबा अंगठ्याएवढ्या बेडकाला दीडशे किलोमीटर जायला काय लागेल? त्याला ओला खडक लागतो, वेळेवर पाऊस लागतो, मध्ये दऱ्या आहेत, नद्या आहेत, कोरडा टापू आहे. कधीकाळी यांचे पूर्वज एकच असणार, सलग पसरलेले असतील किंवा थोडे थोडे करून पोचले असतील, पण एकदा मधली माणसं, म्हणजे मधले बेडूक संपले की दोन टोकांना राहिलेल्यांची सोयरीक तुटते. इकडची पिल्लं इकडेच, तिकडची तिकडेच. प्रत्येक पिढीत थोडेफार बदल होतातच, जनुकांची नक्कल होताना बारीक चुका होतात, त्यातले काही बदल इथल्या दगडावर इथल्या पावसात उपयोगी पडतात, काही नुसतेच योगायोगाने टिकतात कारण कळप लहान असला की योगायोगाचं वजन वाढतं. तिकडे वेगळे बदल टिकतात. असं हजारो लाखो पिढ्या चाललं की एक दिवस दोघं समोरासमोर आले तरी एकमेकांना ओळखत नाहीत, आवाज वेगळा, वेळ वेगळी, किंवा जोडी जमली तरी पिल्लं धड होत नाहीत. तेव्हा शास्त्रज्ञ म्हणतात दोन प्रजाती झाल्या.

पोराने लगेच विचारलं, मग नक्की कधी झाल्या? कुठल्या पिढीत? आणि दादांचं उत्तर मला फार आवडलं. तारीख नसते म्हणाले. अशी कुठलीच आई नव्हती जिची प्रजाती एक आणि तिच्या पिल्लाची दुसरी. मालवणीचं उदाहरण दिलं, की सावंतवाडीपासून गावोगाव चालत निघालास तर शेजारच्या गावचं बोलणं प्रत्येकाला कळतं, बोलणं बदललं असं कुठल्याच वेशीवर म्हणता येत नाही, पण दोन टोकांच्या माणसांना एकत्र बसवलं तर अडखळतात. एवढ्या एका गोष्टीत पोराला जे कळलं ते मी दोन वर्षं व्हिडिओ दाखवून कळलं नव्हतं.

पुढे जंगलाच्या कडेला चापडा दिसला. मलबार पिट वायपर. एक हिरवा फांदीवर आणि थोडं पुढे दुसरा तपकिरी, आम्ही सगळे म्हणालो ही दुसरी जात. तर नाही, दोन्ही चापडेच, एकाच प्रजातीत इतके रंग असतात. आणि उलट, पाली दाखवल्या, भिंतीवरच्या नाही, खडकावरच्या छोट्या गोल बुबुळाच्या, त्या बघायला सगळ्या सारख्याच मातकट, पण सह्याद्रीच्या उत्तर भागातून २०१८ मध्ये एकाच शोधनिबंधात त्यांच्या चार नवीन प्रजाती जाहीर झाल्या, त्यातली एक आंबोलीच्याच नावाची. म्हणजे रंगावरून ठरत नाही, वेगळी वंशरेषा आहे का यावर ठरतं. खवले मोजायचे, डीएनए बघायचा, बेडूक असेल तर आवाज रेकॉर्ड करायचा. हे शेजारी शेजारी दाखवणं हा या ट्रेलचा सगळ्यात भारी भाग आहे असं माझं मत. लोकांना साप बघायचा असतो आणि फोटो काढायचा असतो, ह्या माणसाने सापाचा उपयोग करून मुद्दा शिकवला.

मलबार ग्लायडिंग फ्रॉगची फेसाची घरटी पाण्यावर लोंबणाऱ्या पानांना दिसली, आंबोली बुश फ्रॉगचा आवाज ऐकला पण दिसला नाही. या बुश फ्रॉगच्या अंड्यातून म्हणे थेट छोटा बेडूकच निघतो, शेपटीवाला डोंबा नाहीच. देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बेडकाचा बिनपायांचा नातलग, दिसलं नाही, ते जमिनीखाली असतं. आंबोलीतूनच एक देवगांडुळाची प्रजाती २००३ मध्ये जाहीर झालीय, हेही तिथेच कळलं.

रात्री परत आल्यावर पडवीत चहा आणि कांदाभजी, आणि तिथे खरी चर्चा रंगली. ग्रुपमध्ये एक आजोबा होते, माळकरी, सगळी ट्रेल काठी टेकत आमच्याबरोबर चालले. त्यांनी शांतपणे विचारलं की पुराणात ८४ लक्ष योनी सांगितल्यात, जलचर ९ लाख, स्थावर २० लाख, कृमी ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख, मनुष्य ४ लाख, मग तुमचं हे नवीन होत राहणं त्यात कुठे बसतं? एक तरुण होता तो लगेच फोन काढून म्हणाला की २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर सुमारे ८७ लाख प्रजाती असतील असा अंदाज मांडलाय, बघा आपल्या लोकांना आधीच माहिती होतं. मला वाटलं आता दादा मान डोलावतील आणि विषय संपेल, पाहुण्यांना कोण दुखावतो. पण नाही. ते म्हणाले हा आकडा जवळपास जुळतो म्हणून खूश होऊ नका, त्या अंदाजात लाखांनी इकडे तिकडे होऊ शकतं असं त्यांनीच लिहिलंय, प्रत्यक्षात नाव दिलेल्या तेव्हा बारा लाखांच्या आसपासच होत्या, आणि मुख्य म्हणजे दोन्ही मोजण्या एकाच गोष्टीच्या नाहीत. योनी म्हणजे जीव जिथून जिथून जातो ते मुक्काम, तिथे आत्मा फिरतो आणि मुक्काम ठरलेले. आमच्या मोजणीत मुक्कामच बदलतात, नवे होतात, जुने कायमचे पुसले जातात, आणि माणसाची आज एकच प्रजाती आहे, चार लाख नाहीत. आजोबांनी ऐकून घेतलं, म्हणाले मग मी योनी मोक्षासाठी मोजतो, तुम्ही बेडूक वाचवायला मोजा.

दशावताराचाही विषय निघाला, सिंधुदुर्गात बसून निघणारच, इथे दशावतारी नाटकं गावोगाव होतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, आधी पाण्यातला, मग पाण्या-जमिनीवरचा, मग चार पायांचा. हा क्रम बघून जे. बी. एस. हाल्डेनसारख्या मोठ्या जीवशास्त्रज्ञालाही गंमत वाटली होती, ते पुढे भारतातच येऊन राहिले. मला स्वतःला हा क्रम फार सुंदर वाटतो. पण त्यात देव तोच आहे, तो युगागणिक रूप घेतो, मासा कासवाचा पूर्वज आहे असं ती कथा म्हणतच नाही. आणि उत्क्रांती ही अशी पायऱ्यांची रांग नाहीच, फांद्या फुटत जाणारं झाड आहे, आजचा मासा आपल्याइतकाच आजचा आहे. कथेला विज्ञानाचं सर्टिफिकेट लावायला गेलं की कथाही खुजी होते आणि विज्ञानही चुकीचं शिकवलं जातं, हे मी तिथेही बोलले आणि इथेही लिहिते.

गोव्याच्या एक टीचर होत्या, कॅथलिक. त्या म्हणाल्या आमच्याकडेही सगळे एकसारखे नाहीत. बायबलची वर्षं मोजून सतराव्या शतकात आर्चबिशप अशरने जगाची सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये ठरवली होती आणि अमेरिकेत आजही काही जण पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानतात, पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये स्पष्ट म्हटलं की उत्क्रांती हे आता नुसतं गृहीतक राहिलेलं नाही, फक्त माणसाचा आत्मा देवाकडून येतो एवढं चर्च धरून ठेवतं. आणि आनुवंशिकतेचे नियम ज्याने वाटाण्यावर शोधले तो मेंडेल स्वतः मठात राहणारा साधूच होता. मला ही माहिती पोरासमोर आली हे फार बरं वाटलं, त्याच्या डोक्यात धर्म विरुद्ध विज्ञान अशी सरळ कुस्ती बसली होती.

मग तो नेहमीचा प्रश्न, कोणी बघितलंय का नवीन प्रजाती होताना? २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीही असंच म्हटलं होतं की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र पत्रक काढून सांगावं लागलं की हे बरोबर नाही. दादांनी पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांची गोष्ट सांगितली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे नवरा-बायको १९७३ पासून तिथल्या डॅफ्नी मेजर नावाच्या छोट्या बेटावर फिंच पक्षी बघत होते. १९८१ मध्ये शंभर किलोमीटरहून लांबच्या दुसऱ्या बेटावरून एक नर तिथे उडत आला, आकाराने मोठा, गाणं वेगळं. त्याची जोडी स्थानिक मादीशी जमली. पण त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं गाणं आणि चोच दोन्ही वेगळी, त्यामुळे बेटावरचे बाकीचे पक्षी त्यांना जोडीदार म्हणून घेईनात आणि थोड्याच पिढ्यांत ते आपसातच जोड्या लावायला लागले. २०१७ मध्ये त्यांचा डीएनए तपासून हे सगळं छापून आलं. म्हणजे वेगळं होण्याची सुरुवात माणसाच्या डोळ्यांसमोर, एका आयुष्यात, पिढी पिढी नोंदवून. याला पूर्ण प्रजाती म्हणायचं का यावर वाद घालता येतो आणि तो घातला पाहिजे, पण कोणी बघितलंच नाही हे म्हणणं आता चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरण्यकेशी. ही ट्रेलमधली शांत जागा, पाऊस थोडा उघडला होता. शंकर-पार्वतीचं देऊळ, गुहा, आणि गुहेतून येणाऱ्या पाण्याचं कुंड. नदी इथे उगम पावते आणि समुद्र इतका जवळ असून तिकडे न जाता पूर्वेला घटप्रभेला मिळते, तिथून कृष्णा, तिथून थेट बंगालचा उपसागर. ह्याच पाण्यात एक लहानसा लोच जातीचा मासा आहे, गावात त्याला देवाचा मासा म्हणतात, आणि तेजस ठाकरे, प्रवीणराज जयसिंहन आणि शंकर बालसुब्रमणियन यांनी २०२० मध्ये त्याची नवीन प्रजाती म्हणून नोंद केली, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने इथल्या २.११ हेक्टर जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. काठावर हलायचं नाही, सावली पाण्यावर पाडायची नाही, थोडा वेळ गप्प उभं राहिलं की तळाच्या दगडांमध्ये सरकताना दिसतो, अंगावर आडवे पट्टे. या कुळीच्या दोनशेहून जास्त प्रजाती आशियाभर आहेत आणि बऱ्याचशा अशाच एखाद्या डोंगरी ओढ्यापुरत्या. वरच्या झऱ्यातला मासा खाली मोठ्या नदीत जाऊन दुसऱ्या ओढ्यात चढत नाही, म्हणून प्रत्येक उगम वेगळा पडतो, टोडला जसं पठार तसं ह्याला पाणी.

आणि इथे आजोबा जे म्हणाले ते मला पटलं. देवाच्या कुंडात मासेमारी करायची नाही हा नियम होता म्हणून हा मासा नाव मिळेपर्यंत शिल्लक राहिला. कोकणातल्या देवरायांचं तेच आहे, देवाच्या धाकाने झाड तुटलं नाही म्हणून त्याखालचं सगळं टिकलं. हा मासा वेगळा कसा झाला हे श्रद्धेला सांगता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, ते पाणी, वेळ आणि पिढ्याच सांगतात. पण तो राहिला कसा यात श्रद्धेचा वाटा मोठा आहे आणि तो विज्ञानवाल्यांनी मोकळेपणाने मान्य करावा. तिथे कुंडाजवळ शाम्पूच्या पुड्या आणि प्लास्टिक पडलेलं होतं, दादा रोज उचलतात म्हणाले. इतक्या छोट्या जागेत ज्याचं सगळं जग आहे त्या माशाला एक साबणाचं पाणी पुरे आहे संपायला. कृपा करून तिथे पाय धुऊ नका, फुलं-निर्माल्यही टाकू नका. आणि रात्री घाटात गाडी चालवत असाल तर पहिल्या पावसात हळू चालवा, आम्ही रस्त्यावर चिरडलेले बेडूक पाहिलेत.

जेवण : घरगुती, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी, मासे मागितले तर मिळतात. चव उत्तम, वेळ मात्र उशिराची, लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा. खोल्या साध्या, पावसात सगळं दमट असतं, कपडे वाळत नाहीत, जास्तीचे मोजे न्याच. संध्याकाळच्या ओळखीत प्रोजेक्टर लाईट गेल्यामुळे बंद पडला तर दादांनी फरशीवर खडूने सह्याद्रीचा नकाशा काढून शिकवलं आणि तेच जास्त चांगलं झालं. लेन्स दोनच होत्या एवढ्या लोकांत, अजून चार घेतल्या तर मुलांना डबक्यातली अंडी नीट बघता येतील.

साडेचार स्टार. अर्धा कापला तो ग्रुपच्या साईजचा आणि गमबुटांचा. बुकिंग करताना मराठीतून ट्रेल पाहिजे असं आधी सांगा, नाहीतर मिश्र ग्रुप असला की दादा हिंदीत सुरू करतात. आणि दहावी-बारावीची मुलं असतील तर रात्रीच्या पडवीतल्या चर्चेला त्यांना जागं ठेवा, झोपायला पाठवू नका.